कुलूप न लागणारी खरेदी

दारव्ह्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो ते साल सत्तावन असेल की अठ्ठावन, आता नक्की आठवत नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे आमच्या लोकांची वस्ती होती, तिथे एक खोली भाड्याने मिळाली. पहिल्या दिवशी खोलीला कुलूप घालून मी शाळेत गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर घरमालक माझ्या दारासमोर बाज टाकून, हनुवटी हातावर टेकवून त्या कुलपाकडे पाहत बसलेले.

"मास्तर," ते म्हणाले, "आत कोनी मेलं का?"

"नाही हो. का?"

"मंग हे कायले लावलं?"

मी म्हणालो, आत सामान आहे. कोणतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ट्रंक आहे, वळकटी आहे, स्टोव्ह आहे आणि नवी कोरी छत्री आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चोरानं छत्री नेली तं तो पान्यात भिजनार नाही, इतलंच ना? अन तुमी दिवसभर फळ्यापुढं उभे राहून छत्री सांभाळान. पोट्टे शिकतीन कवा?"

एवढं बोलून त्यांनी बाज उचलली आणि गेले. मी कुलूप काढलं नाही. मी पुसदकडचा, पैशाला चिकटून राहणाऱ्या घरातला. पण दुसऱ्या दिवशी भूगोल शिकवताना मला खरोखर छत्री आठवत राहिली, आणि त्याचा मला फार राग आला.

माझ्या या घरमालकांना सारं गाव जमादार म्हणायचं. नाव होतं, पण ते मतदार यादीपुरतं. जिनिंगला लागून जो प्रेस होता, म्हणजे जिथे सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधतात आणि गाठींना लोखंडी पट्ट्या आवळतात, तिथल्या गड्यांवर ते जमादार होते. उंच, हाडकुळे, दसऱ्यापासून होळीपर्यंत भुवयांवर रुईचे तंतू. जन्म यंत्राच्या आवाजात गेल्यामुळे बोलणं असं खणखणीत, की गुपित सांगायला लागले तर शेजारची गल्ली काम थांबवून ऐकायची. छप्पन साली ते बायकोला घेऊन नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. जाताना घर उघडं टाकून गेले, हे वस्तीत सगळ्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं.

त्यांचा हिशेब साधा होता. जगात वस्तू दोनच प्रकारच्या, एक कुलूप लागणारी आणि दुसरी न लागणारी. भांडीकुंडी, सोनंनाणं, सायकल, घड्याळ ही कुलूप लागणारी. जेवण, प्रवास, यात्रेतला पाळणा, कुणाला पाजलेला चहा ही न लागणारी. कुलूप लागणारी वस्तू घरात आली की आठ दिवस माणूस तिच्याकडे पाहतो, मग ती माणसाकडे पाहत बसते, असं त्यांचं मत. त्यांच्या घरात खरोखर काही नव्हतं. दोन बाजा, मडकी, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थोडी भांडी. पण बाजाराच्या दिवशी सीताफळांच्या टोपलीतलं सगळ्यात टपोरं फळ त्यांच्याच हातात दिसायचं, आणि ते घरापर्यंत कधी पोचायचं नाही. वाटेत भेटेल त्याला अर्धं.

मी पहिल्या वर्षी पोटाला चिमटा घेऊन मनगटी घड्याळ घेतलं. सगळ्या वस्तीला दाखवलं. जमादारांनी माझा हात हातात घेऊन घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं.

"लय ग्वाड बोलते. काय म्हनते पन?"

"वेळ सांगतं."

"जिनिंगचा भोंगा सांगते की! अन त्याले चावी नाही देवा लागत."

त्यानंतर मी आंघोळीला बसलो की ते अंगणातून ओरडायचे, "मास्तर, घड्याळ कुठी हाय?" आणि मी साबणाच्या डोळ्यांनी खुंटी चाचपायचो. असा तो माणूस.

स्टँडजवळ एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं. तिथला जमादारांचा रिवाज तर अख्ख्या दारव्ह्यात कुणाचा नव्हता. ते सकाळी कामावर जाताना चहाचे पैसे देऊन जायचे आणि चहा संध्याकाळी प्यायचे. चाचा पहिल्यांदा गोंधळले. "जमादार, लोग पी के भी पैसे नहीं देते, और तुम बिना पिये दे रहे?" जमादार म्हणाले, "चाचा, देल्लेल्या पैशाची मले सांजवरी याद नाही राह्यत. मंग चहा फुकट भेटल्यावानी लागते. अन दिवसभर वाटते, का आज आपला चहा हाय." मी एकदा हा प्रयोग करून पाहिला. चहा खरंच चांगला लागला, पण दुपारभर मला चाचा विसरतील अशी धास्ती होती. मनुष्यस्वभावाला औषध नाही.

आणि ज्या दिवशी कुणाशी भांडण होईल, त्या दिवशी त्या माणसाला ओढत नेऊन ते चहा पाजायचे. प्रेसचा मुनीम आणि ते यांचं हाडवैर होतं, तेव्हा मुनिमाने त्यांचा किती चहा प्यायला असेल ते तोच जाणे.

दीक्षेनंतर वस्तीतून देव गेले. त्यांच्याबरोबर दरवर्षीचं बकरंही गेलं. पूर्वी कापूस निघाला की घरोघर देवाला बकरं पडायचं, कर्ज काढून सगेसोयरे जेवायचे. तरुण मंडळींचं म्हणणं, मीही त्यांतलाच, की तो पैसा आता पोरांच्या पुस्तकांना लावू. बैठक बसली. सगळे बोलले. जमादार शेवटी उठले.

"देव गेले, झकास झालं. म्याच उचलून नदीत टाकले. पुस्तकं बी घ्या, माह्या नावानं दोन जास्त घ्या. पन मले एक सांगा, देव जेवत होता का आपुन जेवत होतो? देव गेले तं गेले, जेवन कायले गेलं पाह्यजे?"

लोक हसले. तेव्हापासून दरवर्षी होळीनंतर, प्रेस बंद झाला की, नदीकाठच्या वावरात रोडगे व्हायचे. ना देव, ना बकरं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. पुस्तकांची वर्गणी आधी गोळा व्हायची, हा माझा आग्रह. आणि हे जेवण ते संक्रांतीपासूनच वस्तीत जाहीर करायचे, हा त्यांचा. "खायची गोष्ट लवकर सांगा लागते, मास्तर. वाट पाह्याले पैसे नाही पडत, अन अर्धी चव तं तिच्यातच राह्यते." वाट पाहणं हा त्यांच्या दृष्टीने खर्चाचा सगळ्यात उत्तम भाग होता. कुठलीही चांगली गोष्ट त्यांनी उद्यावर ढकलली नाही असं झालं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. लहानपणापासून लोकांच्या वावरात कापूस वेचत आलेली. नवऱ्याच्या या साऱ्या तत्त्वज्ञानाखाली ती घर कसं चालवते असा मला प्रश्न पडायचा, आणि विचारलं तर ती म्हणायची, "ते बोलते, म्या करतो." तिची नजर अधू होऊ लागली होती. यवतमाळच्या डॉक्टरने पाहून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली हळूहळू जाईल. मावशी मला म्हणाली, "फुंकनीतून पाह्यल्यावानी दिसते रे बाप्पा. समोरचं तेवढं दिसते, बाजूचं समदं काळं."

जमादार त्या दिवशी अंगणात बसून होते.  मग त्यांनी घरात हाक दिली, "ऐकून राह्यली का वो? तुले काय पाह्याचं हाय, सांग. पाहून घे."

ही बातमी वस्तीत पसरली आणि जो तो सुचवायला लागला. नागपूर दाखवा, मुंबईचा समुद्र दाखवा, सर्कस दाखवा. मावशीने दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आपला कापूस जाते कुठं?"

"म्हंजे?"

"म्या इतल्या वर्षांपासून वेचला. तुमी त्याच्या गाठी बांधल्या. गाठी गाडीत बसून गेल्या. पुढं काय होते त्याचं? ते पाह्याचं हाय मले."

जमादार तिच्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी गाठी रवाना केल्या होत्या, पण हा प्रश्न त्यांनाही कधी पडला नव्हता. लगेच ठरलं. होळीनंतर, प्रेस बंद झाला की, अकोल्याला जाऊन कापडाची गिरणी पाहायची. आता दसरा झालेला. म्हणजे पाच महिने वाट पाहण्याचं सुख. जमादार खुशीत होते आणि मावशी विहिरीवर बायकांना सांगत सुटली.

पैसा होता, पण तो टिनांचा होता. घरावर जुनी कवेलू, म्हणजे कौलं, होती, पावसाळ्यात दहा ठिकाणी गळायची. त्यांचा एकुलता मुलगा यवतमाळला कचेरीत चपराशी होता. त्याच्या हट्टाने जमादारांनी जन्मात पहिल्यांदा पैसा बाजूला टाकला होता, छपरावर टिनं घालायला. मुलाचंही खोटं नव्हतं. दिग्रसची सोयरीक चालू होती, मुलीचा बाप घर पाहायला येणार होता. गळक्या घरात मुलगी कोण देतो? बातमी कळताच तो शनिवारी आला, आणि अंगणातच सुरू झाला.

"बाबा, पावसात टिन कामी येते. गिरनी पाहून काय डोक्यावर घ्याची हाय?"

"नाही घ्याची."

"मंग?"

"टिन औंदा नाही तं पुढच्या साली भेटन. तुह्या मायचे डोळे कोनत्या दुकानात भेटतीन ते सांग, तिथून आनू."

मुलाने दारात चपला काढल्या. आत जाऊन आईजवळ बसला. जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. राग गेला नव्हता, ते त्याच्या पाठीवरून कळत होतं. मला मनातून मुलाचंच पटत होतं, हेही सांगून टाकतो. घर हे घर असतं.

मग डिसेंबरमधला तो दिवस आला. हंगाम ऐन भरात, प्रेस दिवसरात्र चालू. जमादार दुपारी जेवायला घरी आले होते आणि त्यांनी मलाही बसवलं होतं. मावशी चुलीपाशी बसून वाढत होती. तिने गरम भाकरी उचलली आणि जमादारांच्या ताटात वाढायला हात पुढे केला. हात ताटाच्या एक वीत बाजूला, सारवलेल्या भुईवर चालला होता. ताट तिच्या त्या फुंकणीबाहेर होतं.

जमादारांनी आवाज न करता ताट सरकवलं. भाकरी बरोबर ताटात पडली. मावशीला कळलंही नाही. तिने विचारलं, "तिखट देऊ?" ते म्हणाले, "दे." त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली, हात धुतले, आणि कामावर जायच्या ऐवजी माझ्या खोलीत येऊन ट्रंकेवर बसले.

"मास्तर, नाताळची सुटी कवा लागते तुमची?"

"चार दिवसांनी. का?"

"तवा जाऊ. तुमी बी चाला, बोर्ड वाचाले."

"पण होळीनंतर ठरलं होतं ना? तुम्हीच म्हणता, वाट पाहण्यात—"

"म्या म्हनतो ते समदं बरोबर हाय," ते म्हणाले, आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा इतका खाली ऐकला. "पन वाट पाह्याले डोळे लागते, मास्तर."

ऐन हंगामात जमादाराने रजा मागणं म्हणजे काय ते प्रेसमध्ये काम केलेल्यालाच कळेल. प्रेसचे मालक शेटजी म्हणाले, जा, पण जागा धरून ठेवणार नाही, मला गाठी पाहिजेत. जमादार म्हणाले, बरं. एवढीच बोलणी झाली. संध्याकाळी मुनिमाला बोलावून त्यांनी चहा पाजला, कारण जमादारी आता मुनिमाच्या भाच्याला मिळणार हे उघड होतं.

यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या लाइनीची गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिची गती सांगून पटायची नाही. बसने लवकर पोचलो असतो. पण मावशीचं म्हणणं, कापूस ज्या वाटेने जातो त्याच वाटेने जायचं. गाडीला मागे मालाचे डबे होते आणि त्यात आमच्याच प्रेसच्या गाठी होत्या. जमादार प्रत्येक स्टेशनला उतरून मागे जायचे, डबा पाहून यायचे आणि मावशीला सांगायचे, "हायेत. बराबर येऊन राह्यल्या." जणू लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं मोजत होते. मी दर स्टेशनला घड्याळ पाहत होतो. दोन स्टेशनं गेली नाहीत तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "खिशात टाका ते. गाडीले लाज वाटते."

मावशी खिडकीशी बसली होती. तोंड अगदी बाहेर काढून, मान हळूहळू फिरवत ती सगळं पाहून घेत होती. तुरी, पळस, वेचणाऱ्या बायका. एका वावरातल्या बायकांना तिने हात केला आणि त्यांनीही केला. तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडीतून आपुन असे दिसतो व्हय!" वेचताना मान वर करून तिने ही गाडी हजारदा पाहिली होती, गाडीतून वेचणाऱ्या बायका पहिल्यांदा पाहत होती.

मूर्तिजापूरला आमचा घोळ उघडा पडला. तिथे छोट्या गाडीतला माल उतरवून मोठ्या लाइनीच्या डब्यांत भरतात. आमच्या गाठी हमालांनी उचलल्या आणि मुंबईच्या डब्यात टाकल्या. जमादार धावत गेले. "अरे, हे अकोल्याच्या हायेत!" हमालाने चिठ्ठी दाखवली. मी वाचली. मुंबई. इतकी वर्षं प्रेसमध्ये काढून ते आपल्या गाठी अकोल्याला जातात असं धरून चालले होते, कारण मोठं शहर म्हणजे त्यांच्या लेखी अकोला. ते प्लॅटफॉर्मवर मटकन खाली बसले. मुंबईपर्यंत जायला पैसे नव्हते. ज्यासाठी जमादारी गेली, टिनं गेली, तो कापूस समोरच्या डब्यात बसून भलतीकडे निघाला होता, आणि त्या माणसाचा चेहरा माझ्याने पाहवेना.

मावशी मात्र शांत होती. तिने पदराने तोंड पुसलं. "मुंबईचा मुंबईले जाऊ द्या. अकोल्यात बी कोनाचा तरी असनच न. उठा."

ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गिरणीच्या फाटकाशी उभे. पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे? मी काही सभ्य कारण शोधत होतो तोवर जमादारांचा आवाज फाटकाच्या आरपार गेला, "आमी दारव्ह्याहून माल धाडतो. पोचते का नाही पाह्याले आलो!" पहारेकरी त्यांच्या धोतराकडे आणि मावशीच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिला. पाळी बदलायची वेळ होती, माणसं आत-बाहेर करत होती. त्यांतला एक म्हातारा मुसलमान मुकादम थांबला. त्याने विचारपूस केली. मावशीचे डोळे कळले तसा तो पहारेकऱ्याला म्हणाला, "मेरे साथ हैं. साब से मैं बात करता हूँ." साहेबाशी त्याने काय बोलणं केलं ते आम्हाला कळलं नाही, पण आम्ही आत गेलो.

पहिल्या खोलीत गाठी फोडायचं काम चाललं होतं. एका गड्याने लोखंडी पट्टीवर घाव घातला, पट्टी तुटली, आणि दाबलेली रुई सुस्कारा टाकून फुलून वर आली. जमादार मोठ्याने हसले. जन्मभर जे त्यांनी घाम गाळून आवळलं होतं, ते इथे एका घावात सुटत होतं. ते पुन्हा पुन्हा पाहत होते आणि हसत होते. "पाह्य वो, पाह्य! आमी बांधतो, हे सोडते! दोघायचं बी पोट चालते!"

मावशी खाली वाकली. तिने मूठभर रुई उचलून डोळ्यांपाशी नेली, बोटांनी ओढून पाहिली.

"हा आपल्याकडचाच हाय," ती म्हणाली.

मुकादम हसला. "नहीं माजी. ये तो खानदेश का माल है."

मावशीने आणखी एकदा रुईकडे पाहिलं. "असन. पन वेचला तं बाईनंच न?"

मुकादमाने मान डोलावली. पुढे तो तिला हात धरून नेऊ लागला.

मागांच्या खात्यात कानाला दडे बसतील असा आवाज. आम्ही दोघे कानांवर हात ठेवून उभे, जमादार मात्र आपल्या घरी आल्यासारखे. मुकादमाने मावशीला एका मागापाशी नेऊन उभं केलं, अगदी जवळ, तिच्या त्या फुंकणीत कापड येईल असं. पांढरं कापड होतं, लाल काठाचं. धोटा इकडून तिकडे जात होता आणि कापड बोटाबोटाने पुढे येत होतं. मावशी पाहत राहिली. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि तिने ते पुसलं नाही. मग तिने मान वळवून जमादारांकडे पाहिलं. ते खिडकीच्या उजेडात उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढरे झालेले, आणि हसत होते. ती त्यांच्याकडेही तेवढाच वेळ पाहत राहिली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाहेर आलो तर फाटकाजवळ कापडाचं दुकान. आणि नवल पाहा, जमादार थांबले. ज्या माणसाने बायकोला कधी कुलूप लागेल अशी वस्तू घेतली नव्हती, तो दुकानात शिरून लाल काठाचं लुगडं उलगडून पाहू लागला. "हे घे," ते म्हणाले. "हेच होतं न मागावर?"

मावशीने लुगड्यावरून एकदा हात फिरवला. "नको."

"काहून?"

"कुलूप लागन."

"लागू दे!"

"आता पाह्यलं न म्या. आनखी घेऊन काय करू? भूक लागली, जेवाले घाला."

मग आम्ही भरपेट जेवलो. जमादारांनी मुकादमालाही ओढून आणलं. इतकी वर्षं मी ते तत्त्वज्ञान जमादारांचं समजत होतो. त्या दुपारी जिलबी खाताना माझ्या लक्षात आलं की ते बोलत असत, आणि जगत असे ती. मावशीने मला आधीच सांगितलं होतं की.

परत आल्यावर जमादारांची जमादारी गेलेली होतीच. ते त्याच प्रेसमध्ये गाठी ओढायला साधे गडी म्हणून लागले, ज्यांच्यावर कालपर्यंत ओरडत होते त्यांच्या रांगेत. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "जमादारी बी कुलूप लावाचीच वस्तू होती, मास्तर. मुनिमाचा भाचा आता रातभर जागून तिले सांभाळते." हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की भाच्याला ऐकू गेलंच असणार.

दिग्रसचा पाहुणा, मुलीचा बाप, पुढच्या श्रावणात घर पाहायला आला. मुलाचा जीव टांगणीला. नेमका पाऊस, आणि घर दहा ठिकाणी गळतंय. पाहुण्यांना कुठे बसवावं हा प्रश्न. मावशीला तेव्हा जवळजवळ दिसेनासं झालं होतं. पाहुण्याने सहज विचारलं, आत्याबाई, डोळ्यांना काय झालं? आणि मावशी, ती कमी बोलणारी बाई, छोट्या गाडीपासून सुरू झाली. गाठी मुंबईला गेल्या तिथे पाहुणा हळहळला. पट्टी तुटून रुई फुलली तिथे तो हसला. लाल काठापर्यंत आली तेव्हा त्याच्या हातातला चहा गार झाला होता आणि खांद्यावर छपराचं पाणी ठिबकत होतं, ते त्याला समजलं नव्हतं. उठताना तो मुलाला म्हणाला, "टिन मंग टाकजा. पोरगी देल्ली म्या. या घरात तिले कोनी बोलाले तं भेटन."

मुलाने त्या दिवशी बापाच्या पाठीवर हात ठेवला. मी पाहिलं. टिनंही पुढे त्यानेच घातली, पण अर्ध्याच छपरावर. सून आली त्या वर्षी त्याने बाकीच्या पैशांत तिला आणि आईला नागपूर दाखवलं. आईला दिसत नव्हतं, तरी नेलं. ती म्हणे प्रत्येक गोष्टीला हात लावून आली.

मला जमादारांचं सगळं पटलं असं समजू नका. मी पुढे घर बांधलं, बायकोला सोनं केलं, दाराला चांगलं दणकट कुलूप आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण वर्षातून एकदा मी घरच्यांना घेऊन कुठेतरी जातो, दोन महिने आधी सांगून. आणि सकाळी पैसे देऊन संध्याकाळी चहा पिण्याइतका धीर अजून आला नसला, तरी चहा पाजण्यात मागे राहत नाही.

बदली होऊन मी दारव्हा सोडलं. काही वर्षांनी एका परीक्षेच्या कामासाठी गेलो आणि संध्याकाळी वस्तीत शिरलो. अवकाळी पाऊस चालू होता. दार उघडंच. जमादार आता खरोखरच पांढरे झाले होते, केस, मिशा, भुवया, सगळं. वाकले होते, एक गुडघा चालत नव्हता. मावशी बाजेवर बसली होती, नजर पार गेलेली. माझा आवाज तिने लगेच ओळखला. मी तिच्याजवळ बसलो. वस्तीतल्या तीन-चार मुली आधीच तिथे होत्या, गिरणीची गोष्ट ऐकायला.

मी विचारलं, "मावशी, अजून आठवतं सगळं?"

"आठवत नाही, दिसते," ती म्हणाली. "तो लाल काठ दिसते. मुकादमाची दाढी दिसते. अन हे दिसते." तिने जमादारांच्या दिशेने बोट केलं. ते दिशा चुकलं होतं, जमादार दुसऱ्या बाजूला उभे होते. "खिडकीत उभे. समदी रुई आंगावर. हासून राह्यले. तवाचं ते त्यायचं तोंड शेवटचं पाह्यलं म्या निरखून. मंग अंधारच झाला. म्हून मले हे तसेच दिसते, मास्तर. लोकं म्हनते, जमादार बुढे झाले. मले नाही झाले."

मुली हसल्या.  गुडघा धरून जमादार हळूच सरकले आणि तिचं बोट जिथे रोखलेलं होतं, बरोबर तिथे, त्या बोटासमोर जाऊन उभे राहिले. कवेलूतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ठिबकत होतं.

"हाव," ते म्हणाले, त्याच खणखणीत आवाजात. "हितंच हाओ म्या. सांग पुढं, पोरी खोळंबल्या."